समर्पण : एस. पी. बालसुब्रह्मण्यम

२५ सप्टेंबर २०२० ला बालू गेले. त्या रात्री दीडच्या सुमाराला दादाचा न्यू जर्सीहून फोन आला. त्याच्याकडे दुपार होती. जन्म कॉम्प्युटरपुढे घालवलेला माणूस, पण त्याला धड बोलता येईना. हैदराबादेत एस. पी. बालसुब्रह्मण्यम असं लांबलचक नाव कुणी घेत नाही. बालू, नाहीतर बालूगारू. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ते 'एक दूजे के लिये' आणि 'मैंने प्यार किया'चे गायक म्हणून ठाऊक. आमच्याकडे ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखे होते. बंद असला तरी आहे हे माहीत असायचं.

थोडा सावरल्यावर दादाने भलतंच विचारलं. "ते 'आदित्य ३६९'ला समर्पण बालूंचं होतं ना गं? समर्पण म्हणजे त्यांनी नेमकं केलं काय होतं?"

मी म्हटलं, "नाव दिलं होतं."

"नुसतं नाव?"

"हो. नुसतं नाव."

फोन ठेवला आणि मला ते उत्तर सलायला लागलं. कारण ते त्या रात्रीचं नव्हतंच, पुष्कळ जुनं होतं. नव्वदीच्या दशकात एका छोट्या मराठी अंकात मी या चित्रपटावर दोन पानं खरडली होती. नुकतीच एम. ए. झालेली, नारळीकर वाचून डोकं तरतरीत झालेलं, आणि तेलुगू सिनेमा म्हणजे शिट्ट्या आणि साड्या अशी घट्ट समजूत. त्यात मी लिहिलं होतं की ही विज्ञानकथा नव्हेच, यंत्रात बसवलेली राजाराणीची गोष्ट आहे. आणि शेवटी एक चिमटा काढला होता, की गायकाचं नाव वर लावलं की मालाचा दर्जा बदलत नाही. तो अंक कुणी वाचला नसेल. पण मी लिहिला होता.

तर हे लिखाण त्या दोन पानांचा हिशेब आहे.

आधी वस्तुस्थिती. 'आदित्य ३६९' १८ जुलै १९९१ ला लागला. दिग्दर्शक सिंगीतम श्रीनिवासराव. मराठी प्रेक्षकाला ते माहीत आहेत, नाव आठवत नसलं तरी. कमल हासनचा बिनसंवादाचा 'पुष्पक' त्यांचा. निर्मात्या म्हणून नाव अनिता कृष्णा यांचं, संस्था श्रीदेवी मूव्हीज, सगळी धावपळ शिवलेंका कृष्णप्रसाद यांची. आणि समर्पण बालूंचं. सिंगीतम सांगत आले आहेत की कॉलेजच्या दिवसांत एच. जी. वेल्सचं 'टाइम मशीन' (१८९५ चं पुस्तक) वाचल्यापासून ही कल्पना त्यांच्या डोक्यात होती. एका विमानप्रवासात शेजारी बालू होते. बोलता बोलता विषय निघाला. बालूंनी ते ऐकलं, पेटले, आणि कृष्णप्रसादना गाठून सांगितलं की हा चित्रपट व्हायलाच पाहिजे.

एवढंच. कथा बालूंची नाही, दिग्दर्शन नाही, कागदावर निर्मातेपणही नाही. गाणी गायली, पण ती ते कुठल्याही चित्रपटात गायचे. मग उरतं ते समर्पण.

हा शब्द मराठी कानाला फसवतो. आपल्याकडे समर्पण देवाला करतात, नाहीतर पुस्तकाच्या पहिल्या पानावर आईवडलांना. मराठी चित्रपटात 'प्रस्तुत' येतं. तेलुगू चित्रपटात अमुकअमुक 'समर्पण' असं येतं, आणि त्याचा अर्थ 'प्रस्तुत'च्याच जवळचा असला तरी वजन वेगळं. बाजारातली भाषा वापरायची तर समर्पक म्हणजे जामीन. माझे अण्णा सुलतान बाजारात दुकानदारी करायचे. नव्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरत नसे, कोण घेऊन आला ते बघून ठरे. "यांना मी ओळखतो" एवढं कुणी म्हटलं की वही उघडायची. म्हणणाऱ्याचे पैसे गुंतले नसतील, पण बुडाले तर तोंड त्याचं जायचं. पुढच्या खेपेला त्याच्या शब्दावर वही उघडत नसे.

१९९१ साली तेलुगूत टाइम मशीनवर चित्रपट काढणं म्हणजे कुणी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला उधारी देणं. वितरकाला काय सांगणार? नायक यंत्रात बसतो आणि १५२६ साली उतरतो, मग २५०४ साली? अशा वेळी आंध्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला एक आवाज म्हणतो, यांना मी ओळखतो. हे "नुसतं नाव" म्हणणारी मी, अण्णांची मुलगी. लाज वाटायची ती याची.

आम्ही तो चित्रपट पाहिला तो आरटीसी क्रॉस रोडला, मॅटिनीला. मॅटिनीलाच, कारण आमच्या घरात सूर्यास्ताआधी जेवण आटपायचं. फर्स्ट शो म्हणजे उपास, आणि आजी उपासाला सिनेमाचं कारण चालवून घेणारी नव्हती. दादा इंजिनिअरिंगला, मी कॉलेजात. आमचं मूळ उस्मानाबादकडचं, निजामाच्या राज्यात उस्मानाबाद आणि हैदराबाद एकाच सरकारचं होतं, तेव्हा पणजोबा इकडे आले आणि राहिले. घरात मराठी, रस्त्यावर दखनी, तेलुगू भाजीवाल्यांपुरती. त्यामुळे चित्रपटातला आजचा भाग मला कळला, पण विजयनगरचा दरबार सुरू झाला आणि माझी तेलुगू खुंटली. ती राजसभेची भाषा. दादा अंधारात कानाशी मराठी करून सांगत होता आणि मागचा माणूस "चुप बैठो ना भाई" करत होता.

जे कळलं ते डोळ्यांनी कळलं. आणि पहिली गोष्ट कळली ती ही की चित्रपट माझ्या गावात सुरू होतो. सालारजंग म्युझियममध्ये. शाळेची सहल आलेली आहे, एक मुलगा (पुढे नायक झालेला तरुण हा तेव्हाचा बालकलाकार) मागे राहतो आणि कृष्णदेवरायाच्या काळातल्या हिऱ्याची चोरी त्याच्या डोळ्यांदेखत होते. हैदराबादेत वाढलेलं एकही पोर असं नसेल ज्याला सालारजंगच्या सहलीत मागे राहावंसं वाटलं नाही. मूसीच्या काठावरची ती इमारत १९६८ ची. तिच्यातली माणसं काय बघतात? चेहऱ्यावर दगडाचा झिरझिरीत पडदा घेतलेली रिबेका बघतात, आणि घड्याळ बघतात. दर तासाला त्या घड्याळातून एक चिमुकला दाढीवाला बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि परत आत जातो. बारा वाजायला आले की समोर गर्दी जमते. लोक श्वास धरून वेळ बघतात. या शहराला टाइम मशीनचा पिक्चर काढावासा वाटला यात नवल ते काय.

सालारजंगचा संग्रह हा बहुतांशी एका माणसाचा. मीर युसूफ अली खान, तिसरे सालारजंग, १९४९ साली वारले. आयुष्य आणि संपत्ती वस्तू जमवण्यात घालवली. आता चित्रपटातला खलनायक बघा. अमरीश पुरींचा राजा वर्मा. त्याला सत्ता नको, नुसता पैसाही नको. त्याला जुन्या, अमोल वस्तू हव्यात, स्वतःच्या ताब्यात, कुणी बघू नये अशा. म्हणजे संग्राहकच. फरक एवढाच की एकाचा संग्रह आज शाळेची पोरं तिकीट काढून बघतात आणि दुसऱ्याचा तळघरात. हे मला १९९१ ला दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं की हिरा हे आपलं नेहमीचं तस्करीचं प्रकरण. पण पूर्ण चित्रपट एकाच प्रश्नाभोवती फिरतो: भूतकाळ कुणाचा? चोर म्हणतो माझा, म्युझियम म्हणतं सगळ्यांचा, आणि प्रोफेसर रामदास (टिनू आनंद) नावाचा एक विक्षिप्त म्हातारा म्हणतो, कशाला भांडता, जाऊन बघून या.

आणि गंमत बघा. पुढे २००१ साली खरोखरच निजामाचे दागिने, त्यात १८४ कॅरटांहून मोठा जेकब हिरा, याच सालारजंगमध्ये लोकांना बघायला ठेवले होते. भारत सरकारने ते १९९५ साली २१८ कोटींना घेतले होते. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पुरानी हवेलीतल्या निजाम म्युझियममधून चोर हिरेजडित सोन्याचा डबा घेऊन गेले, जेवणाचा डबा. काही दिवसांत सापडले. मधल्या काळात त्यांच्यातला एकजण त्याच डब्यात जेवत होता म्हणे! सिंगीतमच्या पटकथेत हे कुणी घातलं असतं तर मी त्या दोन पानांत त्यालाही अतिशयोक्ती म्हटलं असतं.

मग १५२६. उत्तरेत बाबर पानिपतावर उतरला ते साल. दक्षिणेत कृष्णदेवराय सिंहासनावर. आजचा नायक आणि कृष्णदेवराय, दोन्ही भूमिका नंदमुरी बालकृष्णांच्या. प्रेक्षागृहात शिट्ट्यांचा पाऊस पडला तो नुसता बालकृष्णांसाठी नव्हता. त्यांचे वडील एन. टी. रामाराव यांनी १९५६ च्या 'तेनाली रामकृष्ण' आणि १९६२ च्या 'महामंत्री तिम्मरुसु'मध्ये हाच कृष्णदेवराय केला होता. मुलगा आधुनिक शर्ट घालून मागे जातो आणि समोर उभा राहतो तो वडलांच्या वेषातला स्वतः. काळातला प्रवास म्हणतात तो हा. कुठलंही यंत्र न लावता तेलुगू प्रेक्षक तो प्रवास त्या क्षणी करून आला. माझ्यासारख्या मराठी मुलीला ते कळायला कुणीतरी कानात सांगावं लागलं.

विजयनगरात दरबार आहे, चंद्रमोहनचा तेनाली राम आहे, सिल्क स्मिताची राजनर्तकी सिंहनंदिनी आहे, आणि तिच्याशी नाचगाण्याची स्पर्धा आहे. इळैयाराजांचं संगीत इथे खुलतं. इथे मी त्या दोन पानांत सगळ्यात जास्त चिडले होते. माझा मुद्दा असा होता की यंत्रातून चारशे पासष्ट वर्षं मागे जाऊन तुम्ही काय करता, तर नाच बघता? इतिहासाला एक प्रश्न विचारत नाही? तालिकोट फक्त ३९ वर्षांवर आहे. १५६५ साली दख्खनच्या सुलतानांनी मिळून हे वैभव धुळीला मिळवलं, त्यात गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा होता. त्याच इब्राहिमच्या मुलाने १५९१ साली हैदराबाद वसवलं. म्हणजे १९९१ साली, शहराला चारशे वर्षं पुरी होत असताना, आम्ही विजयनगर बुडवणाऱ्यांच्या गावात बसून विजयनगरसाठी टाळ्या वाजवत होतो. आणि हा इब्राहिम गादीवर येण्याआधी सात वर्षं विजयनगरातच आश्रयाला होता, तेलुगू कवींचा चाहता होता. केवढं नाट्य! ते सगळं सोडून सिंहनंदिनी!

माझ्यापुढे नमुना होता नारळीकरांचा. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ज्यांनी वाचलं असेल त्यांना माझा राग समजेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, मराठे पानिपत जिंकलेले आहेत. एक गोळी इकडची तिकडे, आणि सगळा हिंदुस्थान वेगळा. तिथे काळ म्हणजे फाटे फुटणारी वाट. गोष्टीचा आनंद डोक्याला होतो. 'आदित्य ३६९'मध्ये इतिहास बदलायचा प्रश्नच कुणाला पडत नाही. भूतकाळ म्हणजे माहेर. जायचं, डोळे भरून बघायचं, जमलं तर सन्मान करून घ्यायचा आणि परतायचं.

आता मला वाटतं की मी आंब्याला तू केळं का नाहीस म्हणून झोडपत होते. आणि त्याहून वाईट, एक सरळ गोष्ट विचारलीच नव्हती. मराठीत नारळीकर होते. १९७४ साली त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली तिथपासून पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. भारतात क्वचित कुठल्या भाषेत एवढी विज्ञानकथा लिहिली गेली असेल. दिवाळी अंक त्यांच्यावाचून निघत नसत. मग पडद्यावर काय? नारळीकरांचं 'ब्रह्मांड' दूरदर्शनवर आलं, पण ती विज्ञानाची मालिका, आणि हिंदीत. मराठी चित्रपटात टाइम मशीन कुठाय? ज्या भाषेत कथा नव्हत्या तिथे चित्रपट झाला, ज्या भाषेत कथांचा ढीग होता तिथे झाला नाही. पैसा हे अर्धं उत्तर. बाकीचं अर्धं असं, की आमच्याकडे विज्ञानकथा हुशार मुलांची गोष्ट झाली. शाळेत बक्षीस मिळवणारी. तिला ओळखतो म्हणून बाजारात उभा राहणारा मोठा गायक, मोठा नट, कुणी झालं नाही. लता मंगेशकरांनी नाहीतर दादा कोंडक्यांनी एखाद्या मराठी काळयंत्राला आपलं नाव लावलंय अशी कल्पना करून बघा. हसू येतं ना? तेच म्हणायचंय.

दुसरं एक कारण मला उशिरा सुचलं. सिंगीतम हे के. व्ही. रेड्डींच्या हाताखाली तयार झालेले. रेड्डींचा 'मायाबझार' १९५७ चा. त्यात एक पेटी आहे, प्रियदर्शिनी. उघडली की आपलं आवडतं माणूस आत दिसतं. शशिरेखा आणि अभिमन्यू तीवर एकमेकांना बघतात. आज दादा आणि मी रविवारी तेच करतो, मध्ये पैसे कंपनीला जातात एवढंच. त्या पेटीतून थेट 'आदित्य ३६९'चं यंत्र निघालं आहे. तेलुगू सिनेमाने चमत्काराचा हात कधी सोडला नाही. पौराणिकातून लोककथा, लोककथेतून विज्ञानकथा, असा तो हळूहळू चालत आला. आपल्याकडे काय कमी होतं? फाळक्यांचं 'लंकादहन' १९१७ चं. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विमान उतरतं, 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालते. ट्रिक फोटोग्राफीची आपण देशाला बाराखडी शिकवली. मग सामाजिक विषयांची प्रतिष्ठा वाढली आणि भिंत चालवणं म्हणजे अडाण्यांना भुलवणं असं ठरलं. ती दोर कापली गेली. तुकारामाच्या विमानाला कुणी पुढे इंजिन बसवलं नाही.

याचा अर्थ 'आदित्य ३६९' निर्दोष आहे असा नाही. मी माघार घेते आहे, लोटांगण नाही. पहिल्या भागातला तो मुलगा, ज्याच्या डोळ्यांनी आपण म्युझियम बघितलं, तो मोठ्यांच्या गोष्टीत हरवतो. प्रोफेसरची मुलगी हेमा (मोहिनी) नायकाबरोबर पाच शतकं मागे जाते आणि पुढेही जाते, पण शास्त्रज्ञाच्या घरात वाढलेल्या मुलीचं डोकं काय म्हणतंय हे पटकथा विचारत नाही. तिला नाच दिला की काम झालं. विनोदाचे काही तुकडे तेव्हाही ताणलेले वाटले, आजही वाटतात. आणि भविष्यकाळ तर घाईघाईत उरकला आहे. १५२६ ला जेवढं प्रेम मिळालं त्याच्या पावपटही २५०४ ला नाही. मागचं जग बांधायला आठवण होती, सुतार होते, दागिने होते. पुढचं जग बांधायला चंदेरी कपडे आणि चमकणारे दरवाजे.

तरी त्या घाईतही एक चित्र राहून गेलं. तिसरं महायुद्ध होऊन गेलं आहे, वर किरणोत्सर्ग आहे, आणि माणसं जमिनीखाली राहतात. घरी आल्यावर मी आजीला गोष्ट सांगितली. कृष्णदेवराय, हिरा, नाच, कशाचंच तिला काही वाटलं नाही. जमिनीखाली राहणारी माणसं म्हटल्यावर मात्र तिने माळ थांबवली. "मग नवीन काय सांगितलं त्यांनी? आपल्यात लिहिलेलंच आहे." आजीच्या हिशेबाने आपण पंचमकाळात आहोत, एकवीस हजार वर्षांच्या. त्यानंतर सहावा, तोही तेवढाच, आणि त्याच्या शेवटी प्रलय, आणि थोडी जोडपी गुहांमध्ये लपून वाचतात. मग चाक उलटं फिरतं, दिवस चांगले होत जातात. तिला टाइम मशीनची गरज नव्हती. तिच्याकडे वेळापत्रक होतं.

मी तेव्हा हसले होते. पण आजीने जे केलं ते मला करता आलं नव्हतं. तिने गोष्ट आपल्या कालगणनेत बसवून बघितली, बसते का ते तपासलं, आणि निकाल दिला. मी ती वेल्सच्या आणि नारळीकरांच्या मापाने मोजून नापास केली. वेल्सच्या गोष्टीतही पुढच्या काळातले मोर्लॉक जमिनीखालीच राहतात, हे तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चित्रपट लागला तो जुलै महिनाही विसरण्यासारखा नाही. महिन्याभरापूर्वी पी. व्ही. नरसिंहराव पंतप्रधान झाले होते. आमच्याच राज्याचे, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेणारे, म्हणून हैदराबादच्या मराठी घरांत त्यांचं जरा जास्तच कौतुक. चित्रपट लागल्यावर सहाव्या दिवशी, २४ जुलैला, मनमोहनसिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. भविष्यकाळ खरा त्या दारातून येणार होता. सात वर्षांनी माधापूरच्या खडकांवर सायबर टॉवर्स उभे राहिले, पण तोवर दादा अमेरिकेला गेलाही होता. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं गेली. २५०४ कुणी बघितलं नाही, पण न्यू जर्सी सगळ्यांनी बघितलं.

बालूंकडे परत येते. ते स्वतः इंजिनिअरिंगला गेलेले, आजारपणामुळे अनंतपूरचं कॉलेज सोडावं लागलेलं. मद्रासला गाणं त्यांना ओढून घेऊन गेलं. १९६६ साली एस. पी. कोदंडपाणींनी त्यांना पहिलं गाणं दिलं. पुढे बालूंनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली तिला नाव दिलं श्री कोदंडपाणी फिल्म सर्किट. के. विश्वनाथांचा 'शुभसंकल्पम' (१९९५) त्या संस्थेचा. आपल्या घराला दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याच्या वेड्या कल्पनेला आपलं नाव, अशी या माणसाची वही होती. कमल हासनच्या तमिळ चित्रपटांना तेलुगूत आवाजही ते देत. आपण पडद्यावर दिसायचं नाही आणि दुसऱ्याला उभं करायचं, याची सवय गळ्यालाच लागलेली.

१९९६ पासून ई टीव्हीवर त्यांचा 'पाडुता तीयगा' सुरू झाला. लहान मुलं, तरुण मुलं येऊन गायची. आमच्या घरी मराठी सोडून जे चालायचं ते एवढंच. मूल चुकलं की बालू चूक लपवत नसत. आधी काय चांगलं झालं ते सांगत, मग चूक कुठे ते स्वतः गाऊन दाखवत, आणि मग त्या गाण्याच्या कवीचं, वादकांचं, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचंसुद्धा नाव घेत. ज्यांची नावं श्रेयनामावलीत भुर्रकन निघून जातात त्यांना ते थांबवून ठेवत. समीक्षा कशी करावी हे मी विद्यापीठात शिकले असं समजत होते. दर आठवड्याला ते समोर चाललं होतं आणि मी भाजी निवडत होते.

एप्रिल २०२५ मध्ये 'आदित्य ३६९' नव्याने स्वच्छ करून, फोर-के का काय म्हणतात तसा, पुन्हा थिएटरांत आला. मी गेले, दुपारच्याच खेळाला. सवय. शेजारी कॉलेजची मुलं, त्यांनी आधीच्या वर्षी 'कल्की २८९८ एडी' बघितलेला. त्यांना यंत्राचे दिवे बघून हसू येत होतं, पण टिंगल नव्हती, आजोबांचा जुना फोटो बघताना येतं तसलं हसू. 'कल्की'च्या दिग्दर्शकाने ज्यांचा सल्ला घेतला ते म्हातारे सिंगीतमच, १९३१ सालचे. ते त्या मुलांना माहीत होतं.

या खेपेला दरबाराची तेलुगू मला कळली. चौतीस वर्षांत तेवढं झालं. पी. सी. श्रीराम, व्ही. एस. आर. स्वामी आणि कबीर लाल, असे तीन छायालेखक या चित्रपटाला आहेत. तिन्ही काळांचा उजेड वेगवेगळा आहे हेही आत्ता दिसलं. सिंगीतमनी काय केलंय ते लक्षात आलं: यंत्र त्यांनी कमीत कमी दाखवलंय आणि माणसांचे चेहरे जास्तीत जास्त, यंत्रातून उतरल्यावरचे. १९९१ च्या त्याच महिन्यात अमेरिकेत 'टर्मिनेटर २' चालू होता, पाऱ्यासारखा वितळणारा माणूस संगणकावर करून. इकडे तशी साधनं नव्हती. धूर होता, फिरते दिवे होते आणि तोंडात बोट घालणारे नट होते. ते बोट खरं वाटलं की यंत्र खरं वाटतं.

पण सुरुवातीला नामावली आली तेव्हा मी फक्त एका नावाची वाट बघत होते. समर्पण, आणि खाली बालूंचं नाव. मागून कुणीतरी शिट्टी मारली. गेलेल्या माणसाच्या नावाला शिट्टी. मग दोघातिघांनी मारल्या. पोरांपैकी एकाने मित्राला विचारलं, "समर्पण मतलब प्रोड्यूसर क्या?" मित्र म्हणाला, "नक्को रे, बालू का नाम है, बस."

दादाला रात्री हे सांगितलं. तो म्हणाला, "बघ, तुझ्यासारखंच बोलला."

"नाही," मी म्हटलं, "तो शिट्टी मारून बोलला."